मूत्राशयात बीसीजी घेतली होती का? पाठदुखीच्या रुग्णाला हे विचारायलाच हवे

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मूत्राशयाच्या कर्करोगावर उपचार म्हणून ज्यांनी मूत्राशयात बीसीजीचे डोस घेतले आहेत, त्यांच्यापैकी अगदी थोड्या जणांना पुढे काही महिन्यांनी, क्वचित काही वर्षांनी, मणक्यांचा जंतुसंसर्ग होतो. संसर्ग त्याच बीसीजीच्या जंतूंचा असतो. वेळेत ओळखला तर तो गोळ्यांनी बरा होतो. उशीर झाला तर मणका ढासळतो, मज्जारज्जूवर दाब येतो आणि पायातली ताकद जाते. हा आजार दुर्मीळ असल्यामुळे तो टाळण्यापेक्षा ओळखण्यातच जास्त चूक होते. पाठ तपासणाऱ्या डॉक्टरला बीसीजीची माहिती नसते आणि बीसीजी देणाऱ्या डॉक्टरकडे पाठीची तक्रार पोहोचत नाही. हे अंतर कमी व्हावे म्हणून हे सविस्तर पत्र.

बीसीजी ही लहान बाळांना टोचतात तीच क्षयरोगाची लस, हे अनेकांना ठाऊक असते. ती जिवंत जंतूंची लस आहे, हे मात्र उपचार घेणाऱ्यांपैकीही अनेकांच्या लक्षात राहत नाही. अल्बेर काल्मेत आणि कामीय गेराँ या फ्रेंच संशोधकांनी गाईंमधल्या क्षयाचा जंतू, म्हणजे मायकोबॅक्टेरियम बोव्हिस, १९०८ पासून तेरा वर्षे पित्त घातलेल्या बटाट्याच्या माध्यमावर २३० वेळा वाढवत नेऊन दुबळा केला. १९२१ मध्ये ही लस माणसाला प्रथम दिली गेली. कॅनडातील अल्वारो मोरालेस व सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये ती मूत्राशयाच्या कर्करोगात वापरल्याचे प्रसिद्ध केले आणि अमेरिकेत या वापराला १९९० मध्ये परवानगी मिळाली. जंतू दुबळा झाला, पण मेला नाही. मूत्राशयाच्या अस्तराला चिकटून तो शरीराच्या प्रतिकारशक्तीला तिथे बोलावून घेतो आणि त्या झटापटीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. जंतू जिवंत असणे ही या उपचाराची गरज आहे आणि त्याचा क्वचित होणारा धोकाही त्यातूनच येतो.

हा उपचार मूत्राशयाच्या स्नायूपर्यंत न पोहोचलेल्या, पण पुन्हा उद्भवण्याची किंवा खोल जाण्याची शक्यता जास्त असलेल्या गाठींसाठी आहे. अशा रुग्णांत बीसीजीमुळे कर्करोग परत येण्याचे प्रमाण घटते आणि अनेकांचे मूत्राशय काढण्याची वेळ टळते. म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हे पत्र वाचून कोणीही आपले डोस बंद करू नयेत. बीसीजी न घेतल्याने होणारे नुकसान या गुंतागुंतीच्या शक्यतेपेक्षा कितीतरी मोठे आहे.

दुर्बिणीतून गाठ खरवडून काढल्यावर किमान दोन आठवडे जाऊ देतात. मग आठवड्याला एक असे सहा डोस दिले जातात. चांगला प्रतिसाद मिळाला तर पुढे टिकवणीचे डोस असतात. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या वेळापत्रकात ३, ६, १२, १८, २४, ३० आणि ३६ व्या महिन्यात प्रत्येक वेळी तीन आठवडे ओळीने एकेक डोस असतो. म्हणजे सगळे पूर्ण केले तर तीन वर्षांत २७ डोस. मध्यम धोका असलेल्यांना एक वर्ष पुरते. प्रत्यक्षात बरेच जण जळजळ आणि थकवा यांमुळे मध्येच थांबतात. लसीची पूड साधारण ५० मि.लि. सलाइनमध्ये मिसळतात, कॅथेटर घालून मूत्राशय रिकामे करतात आणि द्रावण हळूहळू, स्वतःच्या वजनाने आत उतरू देतात. ते दोन तास आत ठेवायचे असते. त्याआधी काही तास पाणी कमी प्यायचे, म्हणजे द्रावण पातळ होत नाही. कॅथेटरला वंगण लागेल तेवढेच, कमीत कमी लावावे.

जंतू रक्तात शिरतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यावर. मूत्राशयाचे अस्तर आणि मूत्रमार्ग शाबूत असतील तर जंतू आतल्या आत राहतो. अस्तर उघडे पडले असेल, जसे गाठ नुकतीच खरवडली आहे, बायोप्सी झाली आहे, कॅथेटर घालताना रक्त आले आहे किंवा लघवीचा संसर्ग सुरू आहे, तर जिवंत जंतूंना थेट शिरेत वाट मिळते. पिचकारीने जोर देऊन द्रावण ढकलले तरीही हाच धोका. म्हणून कॅथेटर घालताना रक्त दिसले तर त्या दिवशीचा डोस द्यायचा नाही. ७ ते १४ दिवस थांबायचे. यात रुग्णालयाची गैरसोय होते, उघडलेली लस वाया जाते आणि लांबून आलेल्या रुग्णाला परत जावे लागते. तरीही थांबायचेच. साधा उपाय असा की कॅथेटर नीट बसून स्वच्छ लघवी आल्यावरच लसीची कुपी उघडावी. मग वाया जाण्याचा प्रश्न उरत नाही आणि ‘आता उघडलीच आहे तर देऊन टाकू’ हा मोहही राहत नाही.

डोस देण्यापूर्वी रुग्णाला चार गोष्टी विचारायच्या: ताप आहे का, लघवीत ठळक रक्त आहे का, लघवी करताना नेहमीपेक्षा जास्त जळजळ आहे का, आणि मागच्या वेळेनंतर कोणते नवे औषध सुरू झाले आहे का. चौथा प्रश्न सर्वांत जास्त विसरला जातो. संधिवातासाठी स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे टीएनएफ-रोधक इंजेक्शन मधल्या काळात दुसऱ्या डॉक्टरांनी सुरू केलेले असू शकते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या शरीरात हा दुबळा जंतूही जोर धरू शकतो, म्हणून अशा रुग्णांत बीसीजी देऊ नये असाच संकेत आहे.

डोसनंतर एक-दोन दिवस वारंवार लघवी होणे, जळजळ, थोडे लाल पाणी, अंग मोडून येणे, किरकोळ ताप हे अपेक्षित असते. ताप ३८.५ अंश सेल्सिअसच्या वर गेला आणि ४८ तासांत उतरला नाही, थंडी वाजून कापरे भरले, धाप लागली, कावीळ दिसली किंवा अंडकोष सुजला, तर ते अपेक्षितात मोडत नाही. पुढचा डोस थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २,६०२ रुग्णांच्या एका मोठ्या पाहणीत तीव्र ताप २.९ टक्के, प्रोस्टेटची क्षयासारखी सूज ०.९ टक्के, फुप्फुस वा यकृताचा दाह ०.७ टक्के आणि रक्तात जंतू पसरून होणारा सेप्सिस ०.४ टक्के रुग्णांत आढळला होता. मणक्याचा संसर्ग या सगळ्यांहून विरळ. वैद्यकीय साहित्यात तो बहुतांशी एकेका रुग्णाच्या अहवालातूनच भेटतो आणि म्हणूनच तो कोणाच्या सवयीचा होत नाही.

या जंतूला मणकाच का सापडतो, याचे उत्तर शिरांच्या रचनेत आहे. ओटीपोटातल्या शिरा आणि पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांचे जाळे एकमेकांना जोडलेले आहे आणि या शिरांना झडपा नसतात. ऑस्कर बॅटसन या शरीररचनातज्ज्ञाने १९४० मध्ये हे दाखवून दिले. खोकताना, कुंथताना पोटातला दाब वाढला की रक्त उलट दिशेने मणक्याकडे वाहू शकते. धमन्यांमार्गेही जंतू मणक्याच्या वरच्या-खालच्या कडेपाशी, दोन मणक्यांमधल्या चकतीला लागून असलेल्या भागात, जाऊन बसतो. तिथे रक्तप्रवाह संथ असतो. त्यामुळे कमरेचे आणि छातीच्या खालच्या भागातले मणके जास्त बाधित होतात. जंतू हळू वाढतो. तो आधी एका मणक्याची कड पोखरतो, मग शेजारच्या मणक्यात जातो, चकती नंतर दबते. कमरेच्या बाजूने मांडीकडे उतरणाऱ्या सोआस स्नायूत गळू होऊ शकते. तसे झाले तर मांडी सरळ करताना दुखते आणि रुग्ण पाय थोडा वाकवून झोपतो.

लक्षणे फसवी असतात. सतत, एका ठरावीक जागी, दिवसागणिक वाढत जाणारी पाठदुखी. विश्रांतीनेही न थांबणारी, रात्री झोपेतून उठवणारी. मणक्यावर बोटांनी ठोकल्यावर दुखणे. वजन उतरणे, रात्री घाम, भूक मंदावणे. ताप असेलच असे नाही. अनेकांना तो मुळीच नसतो आणि ‘ताप नाही म्हणजे जंतुसंसर्ग नाही’ या समजुतीने महिने जातात. शेवटच्या डोसला वर्ष उलटून गेलेले असले तरी हा विचार मागे पडू देऊ नये.

मग चुका कोणत्या होतात? सर्वांत साधी चूक म्हणजे वयाला दोष देणे. मूत्राशयाचा कर्करोग बहुधा साठी-सत्तरीत होतो. त्या वयात एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसतेच. तीवर बोट ठेवून वेदनाशामक गोळ्या, पट्टा आणि व्यायाम सुरू होतात. त्यात मणक्याच्या हाडातले ३० ते ५० टक्के खनिज नष्ट होईपर्यंत साध्या एक्स-रेमध्ये पोखरण दिसत नाही. स्वच्छ दिसणारा एक्स-रे म्हणजे निर्वाळा नव्हे.

दुसरी चूक जास्त गंभीर. रुग्णाला कर्करोग झालेला आहे, मणक्यात काही दिसते आहे, म्हणजे कर्करोग हाडात पसरला असा निष्कर्ष. पेट-स्कॅनवर संसर्गही कर्करोगासारखाच उजळतो, त्यामुळे तो निष्कर्ष पक्का वाटू लागतो. पण ज्यांची गाठ स्नायूपर्यंतही पोहोचलेली नव्हती, त्यांच्यात हाडातला प्रसार मुळातच असामान्य आहे. एमआरआयमध्ये चकतीच्या दोन्ही बाजूंचे मणके बाधित दिसले, मधली चकतीही बाधित दिसली, बाजूला गळू असेल तर संसर्गाचा विचार आधी यायला हवा. कर्करोगाचा प्रसार सहसा चकती सोडून देतो. मात्र क्षयगटातल्या (क्षयाचा जंतू आणि बीसीजीसारखे त्याचे जवळचे भाऊबंद) जंतूंच्या संसर्गात चकती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत दिसू शकते, म्हणून केवळ चित्रावरून निर्णय करू नये. बायोप्सी न करता मणक्याला किरणोपचार देणे किंवा केमोथेरपी सुरू करणे हे या आजारात घातक ठरते, कारण त्याने प्रतिकारशक्ती आणखी खचते आणि संसर्ग मोकाट सुटतो.

तिसरी चूक उलट बाजूची आहे. बीसीजीनंतर काहींना जंतू नसलेला, केवळ प्रतिकारशक्तीच्या उद्रेकातून येणारा सांधेदाह होतो. तो डोसनंतर काही दिवसांत वा आठवड्यांत येतो, गुडघे-घोटे सुजतात, कंबर आखडते, कधी डोळे लाल होतात. त्यावर दाहशामक औषधे आणि गरज पडली तर स्टेरॉइड योग्यच. पण मणक्यातला खरा संसर्ग याच खात्यात टाकून स्टेरॉइड दिले तर दोन आठवडे बरे वाटते आणि आत पोखरण वेगाने वाढते. एकाच जागी दुखणारी, सांधे न सुजलेली पाठदुखी असेल तर स्टेरॉइडआधी एमआरआय करावा.

आणखी एक गोष्ट रुग्णाच्या घरच्यांनी नक्की लक्षात ठेवावी. मज्जारज्जूवर किंवा खालच्या मज्जातंतूंवर दाब आल्याची एक महत्त्वाची खूण म्हणजे लघवी अडकणे किंवा नकळत होणे. मूत्राशयाच्या रुग्णाला लघवीच्या तक्रारी आधीपासूनच असतात, त्यामुळे ही खूण ‘बीसीजीचाच त्रास’ म्हणून दुर्लक्षित राहते. पाठदुखीबरोबर पायात अशक्तपणा, चालताना तोल जाणे, बसायच्या जागेभोवती बधिरपणा, शौचावरचा ताबा जाणे यांपैकी काहीही आणि लघवीत अचानक बदल, असे एकत्र आले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जावे.

तपासणीत रक्तातील ईएसआर आणि सीआरपी हे दाह दाखवणारे आकडे वाढलेले सापडतात, पण थोडेसेच. पांढऱ्या पेशी बऱ्याचदा नेहमीच्याच असतात. निर्णायक चित्र मिळते ते संपूर्ण कण्याच्या, कॉन्ट्रास्टसह केलेल्या एमआरआयमध्ये. संपूर्ण कण्याच्या असे मुद्दाम लिहितो, कारण दुखते त्या जागेपासून दूर दुसरा मणकाही बाधित झालेला असू शकतो. चित्र वाचणाऱ्याने मणक्यासमोरून जाणाऱ्या महाधमनीकडेही पाहायला हवे. बीसीजीचा जंतू महाधमनीच्या भिंतीत बसून तिथे फुगवटा तयार करतो, असे रुग्ण नोंदवले गेले आहेत आणि तो फुगवटा कधी कधी संसर्ग झालेल्या मणक्याला लागूनच असतो. सुई घालण्याआधी किंवा शस्त्रक्रियेआधी तो माहीत नसेल तर परिणाम जीवघेणा होऊ शकतो.

बायोप्सीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण निदान हातचे जाते ते बहुधा इथे. सीटी स्कॅनच्या मार्गदर्शनाखाली सुईने मणक्याचा, चकतीचा आणि गळू असेल तर पुवाचा नमुना घेतात. तो सगळाच्या सगळा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो, ही नेहमी घडणारी गोष्ट. फॉर्मॅलिनने जंतू मरतात. मग कल्चर, म्हणजे जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखणे, शक्य होत नाही आणि दुसऱ्यांदा सुई घालावी लागते. नमुन्याचे दोन भाग करावेत. एक फॉर्मॅलिनमध्ये, पेशींच्या तपासणीसाठी. दुसरा निर्जंतुक डबीत, थोड्या सलाइनमध्ये, नेहमीच्या जंतूंच्या, बुरशीच्या आणि क्षयगटाच्या जंतूंच्या कल्चरसाठी, तसेच जनुकीय चाचणीसाठी. पुवाची जितकी मात्रा मिळेल तितकी पाठवावी, केवळ कापसाच्या बोळ्यावर घेऊन नव्हे. या संसर्गात जंतू संख्येने थोडे असतात. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली ते पुष्कळदा दिसतच नाहीत आणि ‘एएफबी निगेटिव्ह’ (क्षयगटाचे जंतू दिसले नाहीत) या शेऱ्याने निदान नाकारता येत नाही. द्रव माध्यमातले कल्चर ४२ दिवस आणि घन माध्यमातले आठ आठवडे ठेवावे लागते. नेहमीच्या जंतूंचे कल्चर पाच दिवसांत संपते, तेवढ्यावर समाधान मानू नये.

रुग्णाची प्रकृती स्थिर असेल आणि मज्जातंतूंवर दाब नसेल तर बायोप्सीआधी प्रतिजैविके देऊ नयेत. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिनसारखी औषधे ‘लघवीच्या संसर्गासाठी’ सहज लिहिली जातात. ती क्षयगटातल्या जंतूंवरही चालतात. आठवडाभर घेतली तर रोग बरा होत नाही, पण कल्चरमध्ये जंतू उगवायला नकार देतो.

प्रयोगशाळेच्या अहवालात पुढचा गुंता आहे. जीनएक्स्पर्टसारखी झटपट जनुकीय चाचणी क्षयगटातला जंतू आहे एवढेच सांगते. हा माणसातल्या नेहमीच्या क्षयाचा जंतू की बीसीजी, हे ती वेगळे करत नाही. अहवालावर ‘एमटीबी (क्षयाचा जंतू) आढळला’ असेच छापून येते आणि रुग्णाला साधा मणक्याचा क्षय म्हणून उपचार सुरू होतात. आणखी एक घोटाळा कल्चर ओळखण्याच्या झटपट चाचणीत होतो. ही चाचणी एमपीटी-६४ हे प्रथिन शोधते. बीसीजीच्या काही प्रकारांत, उदाहरणार्थ डॅनिश आणि टाइस, या प्रथिनाचे जनुकच उरलेले नाही. मग चाचणी निगेटिव्ह येते आणि अहवालात ‘क्षयेतर मायकोबॅक्टेरिया’ असा शेरा पडतो. त्यावर विसंबून भलत्याच औषधांचा कोर्स सुरू होऊ शकतो.

नेमकी ओळख पटते ती जंतूच्या जनुकात आरडी-१ हा तुकडा नाही हे दाखवणाऱ्या चाचणीने. सगळ्याच बीसीजी प्रकारांत तो गळालेला असतो. मोठ्या संदर्भ प्रयोगशाळांत ही चाचणी होते, पण ती मागावी लागते. तोवर दोन इशारे उपयोगी पडतात. क्षयाच्या संसर्गासाठीची रक्तातली इग्रा चाचणी ज्या प्रथिनांवर चालते ती आरडी-१ मधलीच असल्याने बीसीजीच्या संसर्गात ती निगेटिव्ह राहते. मणक्याच्या नमुन्यात जीनएक्स्पर्ट पॉझिटिव्ह आणि रक्तात इग्रा निगेटिव्ह, असे जुळून आले तर बीसीजीचा संशय बळावतो. अर्थात वृद्धांमध्ये इग्रा खऱ्या क्षयातही कधी निगेटिव्ह येते आणि पूर्वीच्या सुप्त क्षयामुळे पॉझिटिव्हही, म्हणून तो इशाराच समजावा. दुसरा इशारा औषध-संवेदनशीलतेचा. बाकी सगळ्या औषधांना जुमानणारा आणि फक्त पायराझिनामाइडला न जुमानणारा जंतू आढळला की बोव्हिस, आणि म्हणून बीसीजी, आठवायला हवी.

लघवीत बीसीजी सापडणे मात्र पुरावा नव्हे. डोस संपल्यानंतर काही महिनेही ती लघवीत मिळू शकते. मणक्यातल्या नमुन्याला पर्याय नाही.

ही ओळख पटवण्याची एवढी धडपड का, तर औषधे बदलतात म्हणून. नेहमीच्या क्षयाच्या चार औषधांच्या गोळीत आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड असतात. सहा महिन्यांचा छोटा कोर्स शक्य होतो तो पायराझिनामाइडमुळे. बीसीजीचा जंतू या औषधाला जन्मजात दाद देत नाही. म्हणजे रुग्ण ते घेतो, यकृतावरचा ताण आणि रक्तातले युरिक ॲसिड वाढवून घेतो आणि फायदा शून्य. वर सहा महिन्यांत औषधे थांबवली तर उपचार अपुरा राहून आजार उलटू शकतो. योग्य उपचार म्हणजे सुरुवातीला आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल ही तीन औषधे किमान दोन महिने, मग संवेदनशीलतेचा अहवाल पाहून आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन. मणक्यासाठी एकूण मुदत बहुधा ९ ते १२ महिने धरतात. प्रौढांत आयसोनियाझिड दर किलो वजनामागे ५ मि.ग्रॅ. (रोज ३०० पर्यंत), रिफाम्पिसिन १० मि.ग्रॅ. (रोज ६०० पर्यंत) आणि इथॅम्ब्युटॉल साधारण १५ मि.ग्रॅ. असे प्रमाण असते. चार औषधांच्या एकत्रित गोळीऐवजी ही औषधे सुटी द्यावी लागतात. एकत्रित गोळीच्या सवयीमुळे हे राहून जाते, म्हणून औषधपत्रकावर ‘पायराझिनामाइड देऊ नये’ असे ठळक लिहावे.

या वयाच्या रुग्णांत औषधांचे त्रासही वेगळे लक्ष मागतात. इथॅम्ब्युटॉल मूत्रपिंडातून बाहेर पडते. मूत्राशयाच्या गाठीमुळे किंवा वयामुळे मूत्रपिंडे कमजोर असतील तर मात्रा जुळवून घ्यावी लागते, नाहीतर दृष्टीच्या नसेवर परिणाम होतो. औषध सुरू करण्याआधी आणि नंतर दरमहा वाचनक्षमता व लाल-हिरवा रंग ओळखण्याची तपासणी करावी. आयसोनियाझिडबरोबर पायरिडॉक्सिन (ब-६ जीवनसत्त्व) द्यावे, विशेषतः मधुमेह असेल तर. रिफाम्पिसिन यकृताला इतर औषधे झपाट्याने संपवायला लावते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या त्यामुळे निष्प्रभ ठरू शकतात. रिफाम्पिसिन थांबवताना मात्रा पुन्हा पहिल्यासारख्या करायला विसरले तर उलट त्रास होतो. आणि रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. कर्करोगातून गेलेला माणूस ती पाहून घाबरतो, रक्त समजून औषध सोडतो. ही गोष्ट पहिल्या गोळीआधी सांगितलेली बरी.

बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. औषधे, सुरुवातीचे काही आठवडे जपून हालचाल आणि गरजेपुरता पट्टा एवढ्यावर भागते. पायातली ताकद कमी होत असेल, मणका कोसळून बाक येत असेल किंवा गळू मोठे असेल तर दाब मोकळा करून स्क्रू-सळ्यांनी मणके स्थिर करावे लागतात. उपचार सुरू झाल्यावर दुखणे काही आठवड्यांत उतरू लागते, सीआरपी खाली येतो, वजन वाढते. एमआरआय मात्र बराच मागे रेंगाळतो. तीन महिन्यांनी चित्र तसेच दिसले म्हणून औषध लागू पडत नाही असे समजू नये. माणूस कसा आहे ते आधी पाहावे.

मणक्यात बीसीजी पोहोचली हे सिद्ध झाल्यावर मूत्राशयातली बीसीजी कायमची बंद. कर्करोगाची देखरेख मात्र थांबता कामा नये. पाठीच्या उपचाराच्या धामधुमीत दुर्बिणीची तपासणी वर्षभर राहून जाते आणि गाठ परतलेली उशिरा कळते. पुढे गरज पडली तर मूत्राशयात जेमसिटाबिन-डोसेटॅक्सेल किंवा मायटोमायसिनसारखी औषधे देता येतात, काहींना मूत्राशय काढण्याचा निर्णय घ्यावा लागतो. ही चर्चा युरॉलॉजिस्ट, संसर्गतज्ज्ञ आणि मणकातज्ज्ञ यांनी एकत्र बसून करावी.

प्रत्येक डोसबरोबर आयसोनियाझिड देऊन हे सगळे टाळता येईल का, असे विचारले जाते. त्याने दुष्परिणाम कमी होतात असे अभ्यासांत दिसलेले नाही. डोसनंतर ऑफ्लॉक्सासिनच्या दोन गोळ्या दिल्याने मध्यम-तीव्र त्रास कमी होतो असे आढळले आहे. पण कोणाला द्यायच्या हे ज्याचे त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे. घरच्यांना संसर्ग होईल ही भीतीही वारंवार ऐकू येते. मणक्यातला बीसीजीचा संसर्ग खोकल्या-शिंकण्यातून पसरत नाही. रुग्णाचे ताट-वाटी, अंथरूण वेगळे करू नये. काळजी घ्यायची ती डोसनंतरच्या सहा तासांची. लघवी बसून करावी, शौचकुपात लघवीइतकेच ब्लीच ओतून १५ मिनिटांनी पाणी सोडावे आणि हात धुवावेत. उपचार चालू असेतो शरीरसंबंधात निरोध वापरावा.

आमची मागणी छोटी आहे. बीसीजी देणाऱ्या प्रत्येक केंद्राने रुग्णाला पाकिटात मावेल असे एक कार्ड द्यावे. त्यावर लसीचे व तिच्या प्रकाराचे (स्ट्रेनचे) नाव, पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख, एकूण डोस आणि देणाऱ्या विभागाचा दूरध्वनी असावा. खाली एवढेच छापावे: ‘या व्यक्तीच्या मूत्राशयात जिवंत बीसीजी जंतू दिले आहेत. दीर्घकाळ ताप, पाठदुखी, वजन घट किंवा कारण न सापडणारी सूज असल्यास, शेवटच्या डोसला कितीही काळ लोटला असला तरी, बीसीजी संसर्गाचा विचार करावा. नमुना फॉर्मॅलिनशिवायही पाठवावा. पायराझिनामाइडचा उपयोग होत नाही.’ आणि मणक्याचा नमुना पाठवताना फॉर्मवर ‘पाठदुखी, संसर्ग?’ एवढेच न लिहिता ‘मूत्राशयात बीसीजी घेतलेली आहे, क्षयगटाचे कल्चर ८ आठवडे ठेवावे, जंतू वाढल्यास आरडी-१ चाचणीने बीसीजी वेगळी ओळखावी’ असे लिहावे.

कळावे,

आपले विश्वासू,
मूत्ररोग, मणका आणि संसर्गजन्य आजारांवर उपचार करणारे काही डॉक्टर